शेवटची कोरी आठवण

त्या वर्षी भाऊबीजेला मी अक्काकडं कानात बोळे घालून गेलो.

बोळे साधे नव्हते. सांगलीच्या उजळणी केंद्रात ते मोफत मिळतात. कातडीच्या रंगाचे, मेणासारखे मऊ. कानात नीट बसले की समोरच्याचे ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. माझी सगळी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली, माइकवरून गाड्या पुकारण्यात. पस्तीस वर्षं मी बोललो आणि लोकांनी ऐकलं नाही. आता लोक बोलणार होते आणि मी ऐकणार नव्हतो. यात कुणावर अन्याय होतोय असं मला वाटलं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शालन. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. गडहिंग्लजला मुलगा-सुनेकडं असते. तिनं मला पाटावर बसवलं, टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल टाकला, टिळा लावला, सुपारी फिरवली, दिवा ओवाळला. तोंड अखंड चालू. मी येताना बसमध्येच ठरवलं होतं: ती हसली की हसायचं, ती थांबली की मान डोलवायची. तीनदा हसलो, चारदा मान डोलवली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग तिनं ताम्हण खाली ठेवलं, माझ्याकडं टक लावून बघितलं आणि काहीतरी छोटंसं बोलली. पाच-सहा शब्द असतील. थांबली.

मी मान डोलवली.

ती पुन्हा तेच बोलली. मी आणखी जोरात मान डोलवली. आपुलकी दिसावी म्हणून.

अक्का उठली आणि आत गेली. जेवायला वाढलं ते तिच्या सुनेनं, स्नेहलनं. पुरणपोळीवर तूप भरपूर होतं. मी पोटभर जेवलो आणि साडेतीनची सांगली गाडी पकडली.

कानात बोळे का, हे सांगायला हवं. आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा मेंदू कपाटातून जुना फोटो काढून बघत नाही. तो ती गोष्ट उसवतो आणि पुन्हा शिवतो. प्रत्येक वेळी एखादा टाका इकडचा तिकडं होतो. म्हणून जी आठवण आपण शंभर वेळा सांगितली, ती लहानपणाची राहिलेली नसते. ती नव्व्याण्णवाव्या वेळी सांगितल्याची आठवण असते. पण काही आठवणी अशा असतात की पाचव्या-सहाव्या वर्षी मेंदूत शिरल्या आणि नंतर त्यांना कुणी हातच लावला नाही. पेशींचा एक लहानसा झुबका, पासष्ट वर्षं गप्प बसलेला. अशा आठवणीला डॉक्टर ‘कोरी’ म्हणतात.

कोरी पहिल्यांदा जागी होते तेव्हा त्या पेशी आपण अजून सहा वर्षांचेच आहोत अशा समजुतीत कामाला लागतात. लहान मुलाच्या मेंदूत वाढीचं एक प्रथिन धो धो वाहत असतं आणि म्हाताऱ्याच्या मेंदूत ते थेंबाथेंबानं येतं. जागी झालेली कोरी ते प्रथिन पुन्हा एकदा भरभरून सोडते. त्याच वेळी डोक्याभोवतीचं यंत्र बारीक ध्वनिलहरींनी ते मेंदूभर खेळवतं. वाळलेल्या पेशींना नवे धागे फुटतात. सहा महिने विसराळूपणा जागच्या जागी थांबतो. कोरी मोठी असेल तर वर्षानुवर्षं थांबतो. याला ‘उजळणी’ म्हणतात.

अट एकच. कोरी एकदाच जागी होते. ती घरी जागी झाली, बिनयंत्राची, कुणाच्या तोंडून निघालेल्या एखाद्या वाक्यानं, तर प्रथिन जागच्या जागी जिरतं आणि आठवण तेवढी उरते. आमच्या केंद्राच्या डॉक्टर कौलगुड म्हणायच्या, “लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातल्यासारखं आहे हे, सर्जेराव. आणि ओला चमचा नेहमी घरचंच माणूस घालतं.”

समाजानं हा शोध फार समजूतदारपणानं घेतला. बागेतल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर पाटी लागली: ‘थुंकू नये. लहानपणाविषयी बोलू नये.’ म्हातारे फक्त राजकारणावर बोलू लागले, म्हणजे फार फरक पडला नाही. शाळांचे माजी विद्यार्थी मेळावे बंद झाले. आमच्या बॅचचा एक झाला, त्यात सगळे भिंतीकडं तोंड करून जेवले आणि निघून गेले. इतका शांततेत पार पडलेला मेळावा आजवर झाला नव्हता, असं सगळ्यांचं मत पडलं. आत्मचरित्रं निघायची थांबली. त्यामुळे साहित्याचं नुकसान झाल्याचं कुठं ऐकलं नाही. नातवंडांनी ‘आजोबा, तुम्ही लहान असताना’ असं सुरू केलं की आजोबा सांगायचे, ‘मी लहान नव्हतोच.’ इचलकरंजीच्या जुळ्या भावांनी तर कोर्टातून हुकूम आणला, की दोघांनी एकमेकांच्या शंभर फुटांत फिरकायचं नाही. एकाच वयाचे, एकाच घरातले. त्यांच्याइतका एकमेकांना धोका कुणाचा असणार?

भाऊबहिणींचं तसंच झालं. जिनं तुम्हाला कडेवर घेऊन फिरवलं, ती एका वाक्यात तुमच्या दहा कोऱ्या वाया घालवू शकते.

हसायला ठीक आहे. पण माझी बायको मंगल याच विसरण्याच्या आजारानं गेली, उजळणी निघायच्या दोन वर्षं आधी. शेवटी शेवटी तिनं मला शेजाऱ्यांना बोलावून घराबाहेर काढलं होतं. “हा माणूस रोज येऊन बसतोय,” म्हणाली. मी चार तास जिन्यात बसून होतो. आमची मुलगी ऋतुजा पुण्याची नोकरी सोडून आली आणि तिनं तीन वर्षं आईचं सगळं केलं, अंघोळीपासून. मंगल गेल्यावर तेराव्याच्या दिवशी ती मला म्हणाली, “पप्पा, आईचं मी केलं. परत एकदा माझ्याच्यानं होणार नाही. राग मानू नका.”

मी राग मानला नाही. उजळणी निघाली तसं केंद्रात नाव नोंदवलं.

भाऊबीजेनंतर चार दिवसांनी स्नेहलचा फोन आला. ती सासूला आत्या म्हणते आणि मला मामा.

“मामा, तुम्ही आत्यांना हो का म्हणालात?”

“कशाला?”

“भाऊबीजेला. त्यांनी विचारलं ना तुम्हाला, ‘आई माझ्यावर रागावूनच गेली का रं?’ तुम्ही मान डोलवलीत. त्यांनी परत विचारलं, तुम्ही परत डोलवलीत. त्या दिवसापासनं नीट जेवलेल्या नाहीत त्या.”

मी म्हणालो, “माझ्या कानात बोळे होते.”

“ते मला कळलं, मामा. तुम्ही मला दोनदा ‘पाणी नको’ म्हणालात. मी पाणी विचारलंच नव्हतं.”

आता त्या दिवसाविषयी. हे सगळं अक्कानं सांगितलेलं आहे, म्हणून मी सांगू शकतो. आमचे अण्णा घाटातल्या सरकारी रेस्ट हाऊसवर खानसामा होते. आजूबाजूला चार किलोमीटर वस्ती नाही. साहेब लोक यायचे, जेवायचे, शिकारीच्या गप्पा मारायचे आणि जायचे. आम्ही दोघं पोरं, अण्णा, आई आणि माकडं. एका जानेवारीत सकाळी अक्कानं सरकारी शिक्का असलेला कप फोडला. ती नऊ वर्षांची, मी सहाचा. आईनं तिला उलथन्यानं दोन फटके दिले. अक्का दप्तर घेऊन निघाली आणि दारातून ओरडली, “मरशील तर बरं होईल!” चार किलोमीटर शाळेला चालत गेली. दुपारी आईला रक्ताची उलटी झाली. अण्णांनी बांधकाम खात्याची जीप मिळवून तिला कोल्हापूरला नेलं. तिसऱ्या दिवशी परत आणली ती ट्रकमधून.

जीप निघाली तेव्हा आम्हा दोघा पोरांतला आईजवळ फक्त मी होतो.

अक्कानं मला लहानपणी हजार वेळा विचारलं असेल, आई माझ्याविषयी काही बोलली का? मी म्हणायचो, आठवत नाही. खरंच आठवत नव्हतं. पुढं संसार सुरू झाले, तिनं विचारायचं सोडलं. पण मग केंद्रात माझा मेंदू तपासताना डॉक्टर कौलगुडांना पडद्यावर एक झुबका दिसला. बाकीच्या कोऱ्या मसुरीएवढ्या, ही वालाच्या दाण्याएवढी. पेट्रोलचा वास दिला की ती जागी न होता नुसती लुकलुकायची. आईचं नाव घेतलं की लुकलुकायची. “हा जीपचा दिवस,” डॉक्टर म्हणाल्या. “इतकी मोठी कोरी मी कुणाच्यात पाहिली नाही. ही ऐंशीसाठी राखून ठेवा. दहा वर्षं आरामात देईल.”

आणि मी मूर्खासारखं हे कौतुकानं अक्काला सांगितलं होतं.

तिलाही आम्ही तपासून आणलं होतं. ती विसरायला लागली होती. भाजीत दोनदा मीठ, नातवाला मुलाच्या नावानं हाक. तिच्या मेंदूत एकही कोरी निघाली नाही. शून्य. आयुष्यभर तिनं सगळं सांगून टाकलं होतं. नवऱ्याला, सुनेला, पाहुण्यांना, म्हशीची धार काढताना म्हशीला. डॉक्टर म्हणाल्या, “ह्यांनी काही ठेवलंच नाही.” अक्का परत येताना गाडीत म्हणाली होती, “त्यात वाईट काय न्हाई. पण सर्जा, आई मातुर मी इतक्यांदा सांगितली, की आता ती माझ्यासारखीच बोलती रं. नुसती मीच ऱ्हायलीय त्यात. खरी आई तुझ्याकडंच हाय तेवढी.”

स्नेहलचा फोन ठेवून मी लगेच अक्काला लावला. बोळे काढून.

“अक्का, मी त्या दिवशी ऐकलंच नव्हतं. कानात बोळे होते.”

“व्हय, स्नेहलनं सांगितलं.”

“आई रागावली नव्हती तुझ्यावर.”

“तुला आठवलं?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“न्हाई ना? मग कशाला खोटं बोलतोस बाबा. आठवलं असतं तर कोरी गेली असती, आणि मग तू असा निवांत बोलला नसतास.” ती जराशी हसली. “ऱ्हाऊ दे. तुझं डोकं जप. मंगलचं झालं ते तुझं व्हायला नको. पण सर्जा, एक सांगू? लई दिस लावू नको. माझं रोज एक-एक चाललंय. आज मला डाळीचं नाव आठवंना. पिवळी असती ती.”

“तूरडाळ.”

“ती नव्हं. दुसरी.”

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात गेलो. डॉक्टरना सांगितलं, ती मोठी उघडायची आहे, लगेच.

“उघडू की,” त्या म्हणाल्या. “पण तुमची मागची उजळणी सप्टेंबरात झालीय. दोहोंमध्ये सहा महिने जायला लागतात. आत्ता पेशी दमलेल्या आहेत. प्रथिन सुटेल, पण धागे फुटणार नाहीत. आठवण मिळेल, दहा वर्षं जातील. मार्चमध्ये या.”

“बहीण थांबायला हवी ना.”

“त्यांना सांगा, रागावली नव्हती.”

“सांगितलं. विश्वास ठेवत नाही.”

“हुशार आहेत,” डॉक्टर म्हणाल्या, आणि खरंच कौतुकानं म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला. केंद्रवाले घरच्यांना कळवतात. ती भांडली नाही. नुसती म्हणाली, “मार्चला करा की, पप्पा. चार महिने तर आहेत.” चार महिने म्हणजे काय, हे मला माहीत होतं. मंगलच्या चार महिन्यांत आम्ही ‘चष्मा कुठं ठेवला’पासून ‘हा माणूस कोण’पर्यंत गेलो होतो. पण ऋतुजाच्या आवाजात तो तेराव्याचा दिवस होता. मी म्हणालो, बरं.

मार्चमध्ये गेलो. खुर्चीत बसलो, डोक्यावर यंत्राचं ते टोपलं आलं. डॉक्टर म्हणाल्या, “मोठी उघडायची ना?” आणि मला सकाळीच आलेला स्मरणचाचणीचा अहवाल आठवला. शंभरात चौऱ्याण्णव. मी एकदम ठणठणीत होतो. अशा मेंदूवर दहा वर्षांची कोरी उधळायची म्हणजे भरल्या पोटी पंगतीला बसायचं. मी म्हणालो, “लहान एखादी असली तर या खेपेला ती घेऊ. मोठी सप्टेंबरला नक्की.”

लहान निघाली ती अशी: रेस्ट हाऊसचा ओटा, काचेचा ग्लास, ग्लासात कुणा साहेबाची कवळी आणि मी त्या कवळीला बिस्किट खाऊ घालतोय. बस. एवढंच. त्या कवळीवर मी सहा महिने शब्दकोडी सोडवली.

गडहिंग्लजला गेलो नाही. बोळे घालून जायची लाज वाटायची आणि न घालता जायची भीती. स्नेहल फोनवर सांगायची. एप्रिलमध्ये: “आत्या आज मला म्हणाल्या, तुम्ही कुणाच्या?” मे महिन्यात: “लुगड्याची गाठ येत नाही, मीच बांधते.” जूनमध्ये दोन आठवडे फोन नाही. मग आला.

“मामा, त्या कप लपवतात.”

“कसले कप?”

“चहाचे. पदराखाली, उशीखाली, पिठाच्या डब्यात. कुणी चहा मागितला की भिंतीला चिकटून उभ्या राहतात आणि म्हणतात, ‘मी न्हाई फोडला.’ माझ्या पोरानं काल हातात झारा घेतला, तर हात डोक्यावर धरून खाली बसल्या.” तिनं आवाज खाली आणला. “तुम्ही रागावू नका. पण जे काय आहे ते सांगून टाका हो त्यांना. अजून आई म्हटलं की बघतात. तेवढा एक शब्द राहिलाय.”

मी स्टँडवर गेलो. गडहिंग्लजची गाडी लागलेली होती. मी दहा मिनिटं तिच्याजवळ उभा राहिलो. अडीच महिन्यांत सप्टेंबर येणार होता. आत्ता उघडली तर हातात फक्त आठवण येणार, पुढची दहा वर्षं नाहीत. आणि आत्ता गेलो तर सांगणार काय? माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं, एक बंद झुबका होता. गाडी गेली. तीही वेळेवर.

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी मी खुर्चीत बसलो आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत म्हणालो, “मोठी.”

पेट्रोलचा वास आला. तो यंत्राचा होता. मग हळूहळू तो दुसऱ्या पेट्रोलचा झाला.

जीपच्या मागच्या फळीवर आई आडवी. अंगावर पाहुण्यांची कांबळी, लाल पट्ट्याची, जिला हात लावायला आम्हाला बंदी होती. मला पहिल्यांदा त्याचंच आश्चर्य वाटतंय, की आई साहेबांची कांबळी घेऊन झोपलीय. तिच्या ओठांना रक्त आहे, ती पदरानं पुसतेय आणि माझ्याकडं बघतेय. अण्णा ड्रायव्हरशी घाईघाईनं बोलताहेत. आईचा आवाज. तो मी कधी ऐकलाच नव्हता असा आवाज. जाड, थोडासा घोगरा, अक्काच्या गोष्टीतल्या आईसारखा मुळीच नाही. ती म्हणते:

“सर्जा, हिकडं ये. फडताळात वरच्या फळीला गूळपोळी हाय, वाटीखाली. ती शालनची. उपाशी गेलीय पोरगी. आली की म्हणावं, आईनं तुझ्यासाठी ठेवलीय. तिला एकटीला. तू खायची न्हाई. समजलं?”

मी मान डोलवतो.

जीप जाते. मी आत येतो. स्टूल ओढतो. वाटी उचलतो. पोळीला तूप लावलेलं आहे, कड खरपूस आहे. मी एक कोपरा खातो. मग दुसरा कोपरा, म्हणजे दोन्हीकडं सारखं दिसेल. मग सगळी. मग वाटी होती तशी पालथी घालतो. संध्याकाळी अक्का दारात येते, दप्तर टाकते आणि विचारते, “आई काय म्हणली?” आणि माझ्या तोंडाला अजून गुळाचा वास येतोय, म्हणून मी तोंड उघडत नाही. नुसता मानेनं नाही म्हणतो.

टोपलं निघालं. डॉक्टर पडद्याकडं बघत होत्या. चेहरा आनंदानं फुललेला. “सर्जेराव, असा प्रतिसाद मी बघितला नव्हता. दहा नाही, पंधरा-वीस वर्षं धरा. काय होतं आत?”

मी म्हणालो, “खाण्याचं होतं काहीतरी.”

त्याच दुपारी गडहिंग्लजला पोचलो. कान मोकळे. अक्का पडवीत खाटेवर बसली होती, पाय खाली सोडून. वजन निम्मं झालेलं. स्नेहल म्हणाली, “आत्या, मामा आलेत.” अक्कानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पदर सावरला.

“बसा की, पावणं. लांबनं आला?”

मी तिच्या समोर जमिनीवर बसलो. म्हणालो, “अक्का, मी सर्जा. मला आठवलं. जीप निघताना आई बोलली होती.”

“कुणाची आई?”

“तुझी. आपली.”

ती विचारात पडली. स्नेहल म्हणाली होती तो एक शब्द मी शोधत होतो तिच्या चेहऱ्यावर. तिथं काही नव्हतं. उलटी करून ठेवलेली वाटी असावी तसा चेहरा. स्नेहल हळूच म्हणाली, “मागच्या आठवड्यापासनं तेही गेलं, मामा. कप पण लपवत नाहीत आता.”

 मग मी नुसती गोष्ट सांगायला लागलो. एका घाटात एक बंगला होता. तिथं एक बाई होती, तिची एक पोरगी, एक पोरगा. कप फुटला, फटके बसले, पोरगी रुसून शाळेला गेली. अक्का ऐकायला लागली. गोष्ट तिला अजून कळत होती. सगळं आयुष्य तिनं त्यातच घालवलं होतं. आईला जीपमध्ये घातलं तिथं तिनं “आई गं” केलं. पोळीचा निरोप सांगितला तेव्हा गालावर हात ठेवला.

“लई गुणाची बाई,” ती म्हणाली. “मग?”

“मग पोरानं पोळी खाल्ली.”

“सगळी?”

“सगळी.”

अक्का खो खो हसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मेल्या! आणि निरोप?”

“विसरला तो. पासष्ट वर्षं.”

“हॅट,” अक्का म्हणाली. “इसरतोय कशाला? पोळी खाल्ली म्हणून सांगितला न्हाई त्यानं. पोरं तसलीच असत्यात.”

स्नेहल आत निघून गेली. मी तिथंच बसलो. चहा आला. अक्कानं कप दोन्ही हातांनी धरून प्यायला, फुंकर मारत, कसलीही भीती नसल्यासारखा.

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. गाडी सकाळी आठची. अक्का दर वेळी मला “पावणं” म्हणते आणि दर वेळी गोष्ट मागते, कारण पावण्यांना तोंड असतं आणि घरातल्यांना कामं असतात, असं तिला वाटतं. मी सांगतो. दर वेळी ती त्याच जागी “आई गं” करते आणि त्याच जागी हसते. तिला ती दर वेळी नवीन असते. मला नसते. पहिल्या दोन-तीन रविवारी आईचा तो जाड, घोगरा आवाज कानात स्पष्ट होता. मग मी सांगताना तो थोडा मऊ करायला लागलो, म्हणजे अक्काला बरं वाटेल. मग पोळीला तूप जरा जास्त लागलं. दिवाळीपर्यंत आई एसटी स्टँडवरच्या माइकसारखी बोलायला लागली होती. हे मला कळतं. माझा मेंदू आता इतका तल्लख आहे की कुठला टाका कुठल्या रविवारी हलला, तेही सांगू शकतो. मूळचा कसा होता, तेवढं सांगू शकत नाही.

ऋतुजा खूश आहे. परवा केंद्रात तपासणी झाली: शंभरात अठ्ठ्याण्णव. डॉक्टर म्हणाल्या, “नव्वदीपर्यंत तुम्ही काहीही विसरणार नाही.” मी त्यांना विचारलं, उलटं काही करता येतं का? त्यांना वाटलं मी गंमत करतोय. माझा स्वभाव तसा आहे, हे त्यांना माहीत आहे.

मागच्या रविवारी अक्काला ताप होता. खाटेवर पडूनच ऐकली तिनं सगळी गोष्ट. हसली नाही. पोरानं पोळी खाल्ल्याचं सांगितल्यावर तिनं कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

“आणि ती पोरगी? तिला कळल्यावर काय म्हणली ती?”

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. पंचाहत्तर वर्षांची माझी बहीण माझ्या तोंडाकडं बघत होती, पुढचं ऐकायला.

“ती अजून शाळेतनं आलेली नाही,” मी म्हणालो.

“आसं व्हय,” अक्का म्हणाली. मग पाय आखडून घेतले, मला खाटेवर बसायला जागा केली आणि म्हणाली, “मग थांबू की. यील आता.”